ओळंबा

एरंडवण्यात, म्हात्रे पुलाकडे उतरणाऱ्या गल्लीत
तीन मजली इमारत. एकोणीसशे एकाहत्तर.
नाव 'सुगंधा'. अक्षरं सिमेंटची,
त्यातला 'सु'चा उकार कधीतरी गळून पडलेला
आणि कोणीतरी ऑइलपेंटनं परत काढलेला, जरा जास्तच मोठा.

"फोटो कशाला?" सेक्रेटरी पोंक्षे म्हणाले,
"मार्चमध्ये पाडायचीच आहे."
मग स्वतःच म्हणाले, "म्हणूनच म्हणा."
आणि गच्चीची किल्ली दिली,
वहीत सही घेऊन.

पहिला दिवस वायरींत गेला.
केबलच्या, फायबरच्या, आणि एक कशाचीच नसलेली,
या कोपऱ्यातून समोरच्या आंब्यावर नुसतीच गेलेली.
मागे सरकावं तर पाठ शेजारच्या कंपाउंडला टेकते,
कॅमेरा वर करावा तर वरचा मजला आभाळात कलंडतो
तोल गेलेल्या माणसासारखा.
रुंद भिंग लावलं तर कडेच्या गॅलऱ्या
कणकेसारख्या ताणल्या जातात.
लोक म्हणतात, इमारत काही पळून जात नाही,
सोपं असेल तुझं काम.
पळत नाही, खरंय.
पण उभीही राहत नाही.

दुसऱ्या दिवशी जिना.
जिन्याला सिमेंटची जाळी, पश्चिमेला.
चार वीसला ऊन आत उतरतं,
चौकोन, चौकोनात चौकोन,
पायरीच्या कडेवर मोडून
खालच्या पायरीवर पुन्हा जुळणारे.
कुणीतरी हे आधी कागदावर पाहिलं असणार,
पेन्सिलीनं, जानेवारीचा कोन धरून.
किंवा नसेलही. जाळी स्वस्त पडली असेल, बस्स.
त्या अर्ध्या तासात मला काही फरक पडला नाही.
'येथे सायकली ठेवू नयेत' या पाटीखाली
एका सायकलीला टेकून मी बसून होते.

सबनीसबाई दुधाची पिशवी घेऊन वरून आल्या.
"थांबू का?"
"नको, या तुम्ही."
चौकोन त्यांच्या साडीवरून चढत गेले खांद्यापर्यंत.
फोटोत पायऱ्या लख्ख, त्या नुसता धूर.
"अगंबाई, मी आलेच नाही की यात," म्हणाल्या,
पण खूश दिसल्या.

तिसऱ्या दिवशी पुन्हा दर्शनी बाजू.
तिपाई. पाण्यातला बुडबुडा बरोबर मध्ये.
कॅमेरा न वाकवता भिंग वर सरकवलं
आणि उभ्या रेषा उभ्या झाल्या,
एक सोडून.
डावीकडच्या कोपऱ्याची कड ऐकेना.
पुन्हा तिपाई. पुन्हा बुडबुडा.
एक पाय बोटभर खाली, एक पाय बोटभर वर.

वॉचमन सोपान वाघमोडे, सांगोल्याकडचे,
बावीस वर्षं गवंडी, गुडघा गेला तशी खुर्ची मिळाली,
इतका वेळ तंबाखू मळत बघत होते.
"ताई, यंत्राला कशाला बोल लावता?
भिंतच बाहेर हाय. पाऊण इंच.
दुसऱ्या माळ्यापास्नं."
एक डोळा मिटून, चिमटीत
नसलेल्या ओळंब्याची दोरी धरून.
"सांजचं काम. पगाराचा दिस असंल."

घरी संगणकावर ती कड एका ओढीत सरळ होत होती.
केली सरळ.
मग ती कुठलीही इमारत झाली,
वारज्यात, हडपसरला, कुठेही.
परत होती तशी ठेवली.
वायरी मात्र पुसल्या. ती कशाचीच नसलेली
पुसता पुसता राहिली, की ठेवली, आता आठवत नाही.

पोंक्ष्यांनी मोठ्या प्रतीवर स्टीलची पट्टी ठेवली.
"डावीकडे वाकडं आलंय."
मी काही बोलले नाही.
त्यांनी चष्मा पुसला, परत पट्टी ठेवली,
आणि तसेच अनवाणी खाली गेले.
गेटपाशी मान वर करून उभे राहिले,
तोंड जरा उघडं,
हात मागे बांधून.
सोपाननी काही न विचारता
खुर्ची बाजूला घेतली,
त्यांना नीट दिसावं म्हणून.