अर्धा ड्रम

आसोलवाडीच्या हळद उत्पादक सहकारी संस्थेचा मी सचिव,
म्हणजे खुर्ची एक, कपाट एक,
आणि कपाटाची किल्ली सापडेना की लोखंडी सळई.
पोटनियम अकरा माझ्याच अक्षरात आहे:
शिजवणीला अर्धा ड्रम लावू नये.
वाफ वाया जाते, सरपण वाया जातं
आणि सरपण सगळ्यांचं आहे.
लिहिताना माझ्या डोक्यात
सरपणाशिवाय दुसरं काही नव्हतं.

फाल्गुनात पाळ्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या.
धुरपताबाईच्या नातीनं तांब्यात हात घातला:
सातवी पाळी मुंजाजी गलांडे,
आठवी कोंडबा गलांडे.
सभा गप्प. कुणीतरी उगाच खोकललं.
एका आज्याची नातवंडं ही,
मधे दीड हात बांध,
बांधावर होती ती बाभूळही तोडलेली,
आणि वसमतच्या कोर्टात बारा वर्षांच्या तारखा.
एकाच्या लेकीची अक्षत दुसऱ्याच्या दारात गेली नव्हती.
मी म्हणालो, चिठ्ठी बदलता येईल.
धुरपताबाई म्हणाली,
"कामून? लेकरानं काढलीय."

रात्री अडीचला सातवी पाळी संपत आली
आणि मुंजाजीच्या ढिगात
अर्ध्या ड्रमापुरती हळद उरली.
आभाळ भरून आलेलं, अवकाळी,
सरपण उघड्यावर.
मैनोद्दीननं झाकणाचा पेच सैल केला, हात पुसले,
"नियम अकरा, साहेब. अर्धा मी लावत नसतो."
मागं कोंडबा आपल्या ट्रॉलीवर,
पाय लोंबकळत, बिडी न पेटवता तोंडात.

बराच वेळ नुसती वाफ बोलत होती.

मग कोंडबा, कुणाकडंच न बघता,
"वरून मही भरा. मधी गोणपाट टाका."

गोणपाट टाकलं.
दोघांनी दोन्हीकडून ताणून पाहिलं,
मोजणीदार आल्यासारखं.
मैनोद्दीननं झाकण लावलं.
अर्धा तास कुणी जागचं हललं नाही.

ड्रम उलटा केला तेव्हा
गोणपाट आधी पडलं, एका बाजूला गोळा होऊन,
आणि त्याच्यामागून सगळी हळद एकदम,
वाफाळती, ओल्या मातीच्या वासाची.
"मही जाड असती," मुंजाजी म्हणाला.
एक कांडी उचलली, नखानं दाबली,
भाजलं म्हणून दुसऱ्या हातात घेतली, परत टाकली.
कोंडबानंही एक उचलली. तीही जाडच.
"बेणं आज्याचंच की रे दोघांचं,"
मैनोद्दीन सरपण सारत बोलला, बाकी काही नाही.

तेवढ्यात टपोरे थेंब आले.
संस्थेची ताडपत्री एकच, कोपरे चार,
आणि माणसंही आम्ही तिथं चारच.
मुंजाजीनं वाऱ्याकडचा कोपरा धरला.
ओरडला, "कोंड्या, खाली दाब!"
बारा वर्षांत पहिल्यांदा घेतलेलं नाव,
तेही एकेरी.
कोंडबानं दाबला.

यापुढचं मला फार सांगता येत नाही.
पुढची तारीख लागली, दोघंही गेले,
वेगवेगळ्या एसटीनं.
बांध आहे तिथंच आहे, दीड हात.
फक्त पोळ्याच्या दिवशी
कोंडबाचा बैल मुंजाजीच्या शेतात शिरला
तर दगड आला नाही, निरोप आला:
तुहा बैल इथं बसलाय, सावकाश ने.

गेल्या आठवड्यात लेखापरीक्षक आले.
नोंदवहीवर बोट ठेवून म्हणाले,
"ही सव्वीस किलो कुणाच्या नावे?"
रकाना एकच असतो: सभासदाचे नाव.
मी दोन्ही नावं लिहिली होती,
एकाखाली एक, दाटीनं,
मधली रेघ न ओढता.
शेजारी दोन अंगठे, दोन्ही पिवळे.
त्यांनी लाल पेनानं गोल केला.
पंधरा दिवसांत खुलासा मागितलाय.

कोरा कागद समोर घेऊन बसलोय.
बाहेर कुकरचा ड्रम कुणीतरी घासतंय.