पाव इंच

तेरदाळकर सरांनी आधी चष्मा पुसला,
मग त्याच रुमालानं माझ्या लॅपटॉपची स्क्रीन,
आणि म्हणाले, फिरव.

मी फिरवली.
तीन आठवडे माऊसनं घासून घासून उभी केलेली बाई
राखाडी पोकळीत स्वतःभोवती फिरली,
गुळगुळीत, कुठंही न अडखळता.

सरांच्या नखांत कालची शाडू होती.
स्क्रीनला बोट न लावता
हवेतच तिच्या पाठीवरून त्यांनी अंगठा ओढत आणला
आणि कमरेशी थांबले.
'उभी आहे. पण कशावर?'
जमिनीवर, मी म्हणाले.
'जमिनीला ते माहीत नाहीये.'

मग पोर्टफोलिओ. बारा पानं,
विट्याच्या झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल करून आणलेली.
ते उलटत गेले. गेटपाशी कुणीतरी स्कूटरला
किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती.
'नदाफ, तुझ्या माणसांचे हात कुठं गेले?'

एकाचे खिशात. एकीचे पदराखाली.
म्हाताऱ्याचे पाठीमागे.
सातव्या पानावरच्या पोराचे तर
सरळ कागदाच्या बाहेर.
इतकी नीटनेटकी पळून जाते मी,
हे मलाच माहीत नव्हतं.

शेवटच्या आधीची एसटी.
तासगावला एकजण रिकामे क्रेट घेऊन चढला
आणि कंडक्टरशी विट्यापर्यंत भांडला.
मला बरं वाटलं, कुणीतरी बोलत होतं.

अब्बांचं दुकान नऊला बंद होतं,
आजूबाजूचे माग होत नाहीत.
त्या खडखडाटात इस्त्री गार होत होती.
मी न विचारताच लॅपटॉप कटिंगच्या टेबलावर उघडला.
अब्बांनी कापड बघावं तसं बघितलं,
आधी लांबून, मग नाक लावून.

'हिचं माप कुणी घेतलं?'
कुणी नाही. मनानंच केली.
'तरीच. खांदे सारखे आहेत.'
सारखेच असतात ना?
अब्बा हसले, तोंडातल्या टाचण्या सांभाळत.
'एकोणतीस वर्षं झाली, दस्तगीर टेलरकडं
सारख्या खांद्याचं माणूस आलेलं नाही.'

मग वही काढली, तेलाचे डाग पडलेली.
उ. खा. पाव उतार.
डा. खा. अर्धा, हा पोस्टाची पिशवी वाहायचा.
पाठ पुढं, ही कांड्या भरते.
एक बाही पाऊण इंच लांब, का ते विचारलं नाही.
पानामागून पान सगळं गाव,
जो तो आपापल्या कामाच्या बाजूनं कललेला.

'मी आतून पाव इंचाचं पॅड घालतो,
लग्नाच्या फोटोत माणूस सरळ येतो.
माझं काम ते लपवायचं.
तुझं काय?'

मी शटर ओढायला मदत केली.

रात्री सिमेट्रीचं बटण बंद केलं.
एवढंसं बटण. म्हणजे तीन आठवडे
मी अर्धीच बाई करत होते,
उरलेली अर्धी आरसा करत होता.

उजवा खांदा पाव इंच खाली ओढला.
लगेच मान तक्रार करायला लागली.
मान ऐकेना म्हणून बरगड्या हलवल्या,
तर कंबर डावीकडं निघून गेली.
कमरेनं गुडघा मागितला,
गुडघ्यानं टाच.
दीड वाजता टाच टेकली
आणि ती बाई, शपथेवर सांगते,
जड झाली.
खुर्ची मागं सरकवून मी थोडं लांबून बघितलं.
ओळखीची वाटली, नाव आठवेना.

सकाळी एसटीत लॅपटॉपची बॅग
उजव्या खांद्यावरून घसरत राहिली, नेहमीसारखी.

सरांनी या वेळी चष्मा पुसला नाही.
फिरव म्हणाले नाहीत, स्वतःच फिरवली.
टाचेपाशी बराच वेळ थांबले.
'हं.'
त्या एका 'हं'वर मी आठवडाभर जगले असते,
पण त्यांची नजर वर सरकत
तिच्या मिटलेल्या मुठींपर्यंत आली.

'आता हिला बोटं दे,' म्हणाले.
'वाईट जमली तरी चालतील.'