कोणी आलं का

शिवडीची रात्रशाळा. ट्यूबलाइट फडफडून लागेपर्यंत
मी फळ्यावर लिहून ठेवते:
समबडी, एनीबडी, एव्हरीबडी, नोबडी.
बाकं दुसरीतल्या पोरांची, मोठ्यांचे गुडघे मावत नाहीत.

रोहिदास अवसरमल हात वर करतो.
शवागारात ड्यूटी, नखांना फिनेलचा वास.
"बाई, सगळ्यांत बॉडी कशी काय?"
मागे जयवंतीला हसता हसता ठसका लागतो.

जुना शब्द आहे, मी सांगते,
त्यांच्यात बॉडी म्हणजे माणूस.
"आमच्यात माणूस संपला की बॉडी.
बॉडी आली. बॉडी ताब्यात दिली. बॉडी पडून आहे."

नियम तरी सोपे आहेत.
एव्हरीबडी कितीही असोत, क्रियापद एकवचनी.
"म्हणजे सगळे एकेकटेच," तो पुटपुटतो,
वहीत तसंच लिहून घेतो.
मी खोडत नाही.

प्रश्न असला की एनीबडी. हॅज एनीबडी कम?
खिडकीशी येऊन लोक हेच विचारतात त्याला:
कोणी आलंय का, चौकड्यांचा शर्ट,
डाव्या मनगटावर गोंदलेलं, आईचं नाव?

मग नोबडी. नोबडी केम.
यात 'नाही' लागत नाही,
माणूस आधीच पुसून घेतलेला असतो.
आपल्याकडे बघा: कोणी आलं नाही.
कोणी, ना बाई ना बुवा, उंबऱ्याशी येतं,
आलं म्हणेपर्यंत तर आलेलंच असतं,
'नाही' पोचतं सगळ्यात शेवटी,
धापा टाकत.

हे मी परीक्षेसाठी सांगत नव्हते.
घंटा झाली होती, जयवंती डबा आवरत होती.

गुरुवारी गृहपाठाच्या वह्या.
पाच वाक्यं करा म्हटलं होतं, त्याची चारच,
देवनागरीत, इंग्रजी:

समबडी इज इन नंबर सेव्हन.
एटीन डेज.
नोबडी केम.
आय केम.

दुसऱ्या वाक्यात क्रियापद नाही.
तिसरं आणि चौथं एकमेकांना खोटं पाडतात,
आणि तरी, कितीदा वाचलं,
चूक कुठे ते दाखवता येईना.
लाल पेनाचं टोपण लावून टाकलं.

जिन्यात वॉचमनच्या किल्ल्या वाजल्या.
"कोणी आहे का आत? लाइट घालवू?"

आहे, म्हटलं.
थांबा जरा.