साठातली अकरा

एदुविना बार्रिया खुर्ची ओढून बसली,
ओला पोन्चो अंगावर तसाच,
म्हणाली, "दाखव माझं घर जाताना."

घर गेलं होतं शनिवारी.
बैलांच्या सहा जोड्या, शंभरेक माणसं, दोन होड्या,
आणि वर नोल्बेर्तोच्या पोराचा ड्रोन,
गोमाशीसारखा चिकाटीचा.
टेकडीवरून किनाऱ्याला, किनाऱ्यावरून पाण्यात,
भरतीच्या पाठीवर बसून पलीकडच्या बेटावर.
आमच्या चिलोएत माणूस जागा बदलतो
तेव्हा घर मागे ठेवत नाही.

मी फाइल उघडली.
घर टेकडीवर उभं.
मग एकदम अर्ध्या उतारावर.
मग तिथेच.
नावेगान्ते नावाच्या बैलाचा पुढचा पाय हवेत,
दोर ताणलेला, तोंडं उघडी,
आणि आवाज काहीच नाही; ड्रोनला कान नसतात.
फक्त टेबलाखाली संगणकाचा पंखा
धाप लागल्यासारखा.

"बिघडलंय का रे?"
"घर नाही, दोन्या एदुविना. हा डबा."

वाटलं, मेमरी कार्डावरूनच चालवतोय, म्हणून असेल.
चौदा जीबी डिस्कवर उतरवून घेतली.
तोवर तिनं माझ्या चुलीत दोन लाकडं सारली,
न विचारता मातेचं पाणी ठेवलं.
तरी तेच.
शाळेनं भंगारात काढलेला संगणक,
प्रोसेसर शंभर टक्क्यांवर, घाम फुटलेला,
आणि ग्राफिक्स कार्ड तीन टक्क्यांवर
लग्नघरातल्या रुसलेल्या जावयासारखं बसून.
सेटिंगमध्ये शिरून त्याची मनधरणी केली.
हललं नाही.
रुसवा नव्हताच तो, त्याला ही लिपीच येत नव्हती.
कार्ड बारा वर्षांपूर्वीचं, व्हिडिओ परवाचा,
एकेक चित्र इतक्या घड्या घालून भरलेलं
की उलगडेपर्यंत पुढचं दारात उभं.

"सेकंदाला साठ चित्रं येतात," मी सांगितलं,
"त्यातली अकराच पोचतायत."
"आणि बाकीची?"
"टाकून देतो."
"कुठली टाकायची ते कोण ठरवतं?"
"ज्यांना उशीर होतो ती."
यावर ती बराच वेळ बोलली नाही.
मातेची नळी तिच्या ओठांशी वाजली, रिकामी.

रात्रभर यंत्र जुंपून ठेवलं.
मोठ्या चित्राची छोटी प्रत, सोपी, जुन्या लिपीत.
सकाळी ती आली, मिलकाओ फडक्यात बांधून,
मी जरा ऐटीतच बटण दाबलं.
घर निघालं.
ओल्या साबणाची वडी सरकावी तसं
टेकडी, किनारा, पाणी,
कुठे ठेच नाही.

"असं नव्हतं," एदुविना म्हणाली.
"ओढा, थांबा, मागचे ओंडके पुढे आणा, ओढा.
नावेगान्ते गुडघ्यावर आला
तेव्हा पाऊण तास कोणी श्वास घेतला नाही.
आणि हे बघ,
जसं काही घराला जायचंच होतं!
कालचं लाव."

कालचं लावलं.
धक्का. थांबा. धक्का.
ती मान डोलावत होती, बरोबर, बरोबर,
जणू कोणीतरी तिची साक्ष नीट लिहून घेतंय.
मग ऐन खाडीच्या मध्यावर, घर डावीकडे कललेलं,
सगळं गोठलं.

ती पुढे वाकली, नाक काचेला लागेतो.
आलेर्सेच्या फळ्यांवरचं शेवाळ मोजता येत होतं.
स्वयंपाकघराची खिडकी उघडी,
पडदा बाहेर, अर्धा पाण्यात.
छोट्या प्रतीत तो नुसता पांढरा ठिपका होता,
मी पक्षी समजलो होतो.

"खिडकी लावायची राहिली," ती म्हणाली,
आणि खुर्चीतून थोडी उठलीसुद्धा.

मी काही दाबलं नव्हतं.
पंखा धापा टाकत होता.
घर पाण्यात उभं,
आणि आम्ही दोघं, हातात थंड होत चाललेलं माते,
पुढच्या चित्राची वाट बघत.