दोष आढळला नाही

थंड असते तोवर गुणाची.
चाळीसेक किलोमीटर ऊन खाल्लं, इंजिन तापलं
की कॅनोलाच्या पिवळ्या शेतांमधोमध
एक उचकी. मग मुकी.
आणि मी, ओरेस्ट ह्नातियुक, वय एकसष्ट,
धान्याच्या एलिव्हेटरवर वजनकाट्याचा माणूस,
हेल्मेट काखेत मारून रस्त्याच्या कडेला.
पिकअपवाले हात हलवून जातात.
त्यांना वाटतं, देखावा बघतोय.

यॉर्कटनहून सास्काटून तीनशे तीस किलोमीटर.
ट्रेलरवर चढवायची, चार पट्ट्यांनी आवळायची, न्यायची.
जूनमध्ये पहिल्यांदा नेली.
काउंटरवर कर्बी. अतिशय नम्र.
नऊ दिवसांनी म्हणाला, या, घेऊन जा.
कागदावर छापलेलं: दोष आढळला नाही.
"आमच्याकडे बंद पडलीच नाही हो."
किती चालवलीत?
"बिल्डिंगभोवती दोनदा."

जुलैत बॅटरी बदलली.
जुलैच्या शेवटी प्लग.
ऑगस्टमध्ये कर्बीनं आवाज खाली आणून विचारलं,
पेट्रोल कुठलं भरता तुम्ही?
जसं डॉक्टर विचारतात, घेता का?
कंपनी म्हणे, डीलरला विचारा.
डीलर म्हणे, कंपनीचा मेल यायचाय.
नळी फुंकली सोनारे,
आणि प्रत्येक फुंकरीमागे माझे सहाशे साठ किलोमीटर,
जाऊन येऊन.

वॉरंटी दोन वर्षांची.
मी मोजमापातला माणूस, मोजून पाहिलं.
आमच्याकडे गाडी चालवायचे महिने पाच,
उरलेले सात ती गोधडीखाली.
तेही त्यांनी धरलेत.
माझ्या काट्यावर ट्रक चढला
तर रिकाम्या ट्रकचं वजन मी आधी वजा करतो.
शेतकऱ्याला गव्हाचे पैसे मिळतात, लोखंडाचे नाही.
हे कर्बीला सांगितलं.
म्हणाला, छान मुद्दा आहे,
आणि पुढच्या माणसाकडे बघून हसला.

सप्टेंबरात फोन आला, कर्बीचा नव्हे.
रोडेल, मेकॅनिक, मूळचा इलोइलोचा,
चार महिने मी त्याला फक्त काचेपलीकडून पाहिलेला.
"सर, काल सुट्टी झाल्यावर मीच घेऊन गेलो,
वॉरमनच्या पुढपर्यंत.
मेली, सर! चार किलोमीटर ढकलत आणली!"
माणूस धापा टाकतच बोलत असावा, असा आनंद.
मलाही इतका झाला की
बिचाऱ्याला दमलास का विचारायचं राहिलं.
त्या खेपेच्या कागदावर दोनच शब्द, निळ्या शाईत, हातानं:
दोष आढळला.
घडी घालून पाकिटात ठेवलाय,
नातीच्या फोटोमागे.

अकरा ऑक्टोबरला वॉरंटी सरली.
भाग इटलीहून निघाला होता, असं म्हणतात.
कुठल्याशा बंदरात संप, मग नाताळ,
मग कुणीतरी दुसऱ्याच गाडीचा पाठवला.
जानेवारीच्या एकवीस तारखेला बोलावलं.
अंगठ्याएवढा सेन्सर, वीतभर वायर.
पैसे घेतले नाहीत. मोठेपणा म्हणायचा.
रोडेल कुठंय, विचारलं.
सोडून गेला, एडमंटनला, महिना झाला.
"आता अगदी पक्की आहे," कर्बी म्हणाला.
चालवून पाहिलीत?
त्यानं खिडकीबाहेर पाहिलं.
मीही पाहिलं.
उणे एकतीस.

घरी शेडमध्ये उतरवली.
दार हातभर उघडं ठेवलं धुरासाठी
आणि बटण दाबलं.
पहिल्या झटक्यात सुरू.
कोट, टोपी, दोन मोज्यांसकट वर बसलो.
पाच मिनिटं. दहा.
टाकीवरचं दव सुकलं, मांड्या ऊबावल्या,
काटा वर सरकत सरकत
नेमका तिथे आला, जिथे दरवेळी.
पंखा फिरायला लागला.
बाहेर पांढऱ्याशिवाय काही नाही,
एप्रिलपर्यंत नसणारच.
ती चालूच होती. एकसुरी, गोड.
मी श्वास धरून ऐकत राहिलो,
मग हात पुढे केला
आणि तिनं काही ठरवायच्या आत
मीच बंद केली.