दोन्ही बाजूंनी

लढाईत मी पहिल्यापासून कच्ची.
तलवार उचलेपर्यंत समोरचा तीन वार करून मोकळा.
नेट आमचं तसलंच, मोबाइल भावाचा, काच तडकलेली.
शेवटी आमच्या टोळीचा म्होरक्या वैतागून म्हणाला,
तू लढू नकोस बाई. तू त्यांच्यात जा.

गेले.
नाव घेतलं रणजित, गाव सांगितलं नाशिक,
जिथं मी एकदाच, पाचवीत, आत्याच्या लग्नाला.
धंदा मेडिकलचा. माइक कायम बिघडलेला.

सोपं गेलं.
घरात तेलुगू, किराणा दुकानात कन्नड,
शाळेत मराठी, शिलाईच्या क्लासला उर्दू.
कुठल्या दारात कुठली जीभ काढून ठेवायची,
आमच्या बोळात चार वर्षांच्या पोराला येतं.

पण एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही,
हेराला सगळ्यांपेक्षा जास्त राबावं लागतं.
खरा सभासद कंटाळतो, मॅच बघतो, झोपतो.
मला परवडणारं नव्हतं.
कोठाराचा हिशेब मागून घेतला.
दिवसा चादरींच्या कारखान्यात तेच करते,
ट्यूबलाइटखाली तपासणी,
सुटलेला धागा, मान चुकलेला मोर.
लोखंड किती, धान्य किती, कुणी उचललं, कुणी परत केलं नाही,
सात महिन्यांत दाणा इकडचा तिकडे नाही.
त्यांच्यातल्या एका पोराची नोकरी गेली,
रात्रभर त्याच्याशी टाइप करत बसले,
आणि पहाटे त्याच्याच बुरुजाचा नकाशा इकडे पाठवला.
दोन्ही कामं मनापासून केली.
आमची चादर उलटी करून बघा,
इकडे निळ्यावर लाल मोर, तिकडे लालवर निळा.
सुलट कुठली ते गिऱ्हाईक ठरवतं,
विणणाऱ्याला विचारत नाहीत.

गड्ड्याची यात्रा चालू होती.
पाळणे थांबले, पिपाण्या विकणारी पोरं झोपली,
आणि हुकूम आला: आज. दोन वाजता.
वेस उघडली. कोठार रिकामं केलं.
हात थरथरला वगैरे काही नाही, उगाच कशाला सांगू.
एकोणीस मिनिटांत त्यांचा किल्ला आमचा.
मला सरदारकी दिली, नावापुढे सोनेरी पट्टा,
सगळे एकदम बोलत होते,
कुणाचंच नीट ऐकू येत नव्हतं.

तेवढ्यात त्यांच्या किल्लेदाराचा निरोप.
खेळातलं नाव गरुड, खरं मला माहीत नाही,
मी कधी शोधलंच नव्हतं. हेर म्हणून ही चूकच.
तेलुगूत, मराठी अक्षरांत:
नीळ्ळु वच्चिनया?
पाणी आलं का.

खाली मराठीत:
दर पाचव्या रात्री अडीचला अर्धा तास गायब असतीस.
मीबी असतो.
नाशिकला असलं पाणी नसतंय.
आपला व्हॉल्व्ह एकच असणार बघ.
तिसऱ्या महिन्यातच कळलं होतं.
बोललो नाही कुणाला.
इतकं नीट कोठार कुणी ठेवलंच नव्हतं कधी.

"असतीस" लिहिलं होतं त्यानं.
रणजितला.

नळ खोकला. आधी हवा, मग गढूळ, मग धार.
हंडा, घागर, दोन बादल्या, कुकरसुद्धा.
बोळात एकेक दिवा लागत गेला,
मोटारींची घरघर, पाइपांची भांडणं.
येमुलांची सून केस बांधत बाहेर आली,
बिड्या वळणाऱ्या नरसम्मा पायरीवर बसूनच पेंगत,
आणि पार टोकाला बनियनमधला एक चष्मेवाला,
दोन्ही हातांनी पाइप धरून, मान खाली.
तो असेल. नसेल.

ओल्या बोटांनी लिहिलं,
वच्चिनय.
पाठवलं,
आणि बादली भरून वाहायला लागली तरी
कुणाचा खिसा उजळतो ते बघत उभी राहिले.