खांब नऊचा जुळा

महापेला तिसऱ्या मजल्यावर, एसीच्या थंडीत,
मी एक पूल सांभाळते.
खरा नाही. खरा आहे खाडीत,
मांडीभर चिखलात, वर्षानुवर्षं ट्रक अंगावर घेत.
माझ्याकडे असतो तो त्याचा जुळा,
राखाडी, स्वच्छ, बोटाने फिरवला की फिरणारा.
खालून पाहिलं तरी कुठे पोपडा नाही.
खऱ्याला कणकण आली
की याचा खांब तांबूस होतो.
एवढंच नातं, बेचाळीस सेन्सरांचं,
त्यातल्या चार वायरी उंदरांनी खाल्लेल्या.

जानेवारीत खांब नऊला उचकी लागली.
सोमवारी पहाटे पाच दहाला,
मंगळवारी पाच अठ्ठावन्नला,
बुधवारी सहा सेहेचाळीसला.
टक्. टक् टक्.
थोडं थांबून, जसा कुणी दम घेतो,
पुन्हा टक्.
ट्रक नव्हे. वारा नव्हे. उन्हाने फुगणं नव्हे.
प्रधानसर म्हणाले, गाळणी लावा, कचरा आहे.

गाडीवरचे चंदर मढवी सही घ्यायला आले होते.
आलेखाकडे बघत पेरं मोजू लागले :
सोमवारी अवस. पंधराचे पाऊण सव्वाअकरा, ती भरती.
सहा तास पुढे सव्वापाच, सुकती.
रोज दोन घटका मागं पडतंय ना, मॅडम?
चंद्र हाय तो.

पुढच्या उधाणाला गमबूट घालून खाली उतरले.
नवव्या खांबाशी बुधीबाई,
कमरेला खोचलेलं लुगडं, रंगाचा रिकामा डबा,
हातात बोथट कोयती.
खांबावरची कालवं फोडत होती.
मी तिला जुळ्याविषयी सांगितलं, मोबाईलवर दाखवला.
तिने तो ओल्या बोटाने फिरवला, तळाशी आणला,
बराच वेळ बघितला.
"याला कालवां लागतान का?"
नाही, म्हटलं.
"मंग जुला कसला त्यो!"

गाळणी मी लावली नाही.
एक नवा रकाना केला. नाव दिलं : कालवं.
खांबाच्या अंगावर किती किलो शिंपला, अंदाजे.
आणि तिच्या ठोक्याला खांब कोणत्या सुरात हुंकारतो,
तेही लिहू लागले, दर अवसेला, दर पुनवेला.
याच कामाला पुण्याहून हातोडीवाले आणायचे
तर निविदा काढावी लागते.

आज अवस.
पाच दहा झाले. सव्वापाच. साडेपाच.
खांब नऊ गप्प.
पडद्यावर सगळा पूल हिरवागार,
एकही इशारा नाही :
जास्त हललं तर ओरड, असं आम्ही त्याला शिकवलंय,
न पडलेल्या ठोक्याचं काय करायचं
ते कुणीच लिहिलेलं नाही.

मढवींचा फोन वाजतोय, उचलत नाहीत.
सुकती अजून तासभर तरी आहे.
टेबलाखाली पायाने चाचपते,
बूट इथेच कुठेतरी होते,
चिखल वाळलेले.